फळीची रुंदी

प्लायवूडच्या दुकानातला सुतार कानामागे पेन्सिल खोचून मापाची वाट पाहत होता. समोर गिऱ्हाईक मायलेकी होत्या आणि त्यांचं काही संपत नव्हतं.

“पण आई, बाबांच्या पिकअपमध्ये झोपायची फळी कशाला?”

“फिरायला जायचंय. लॉजपेक्षा स्वस्त पडतं. वर गादी, खाली स्टोव्ह आणि भांड्यांचे खोके.”

“बाबा गेल्यापासून उंबरा ओलांडला नाहीस. आणि आता एकदम गाडीत राहायला निघालीस?”

“राहायला नाही गं. आठवडाभर.”

“रविवारी मी तोंडाला येईल ते बोलले. त्याचा राग आहे ना?”

“भिंतीकडे बघत बसू नकोस, म्हणालीस. बरोबरच बोललीस की. राग कसला?”

“खरंच?”

“खरंच. दोन रात्री त्यापायीच रडत होतीस का? तरी म्हटलं डोळे सुजलेत.”

सुताराने हळूच विचारलं, “मावशी, लांबी सहा फूट लिहिली. रुंदी?”

“चार.”

“आई, एकटीला चार फूट कशाला? अडीच पुष्कळ झाले.”

“एकटीला कोण म्हणालं? तुला रजा कधी मिळते ते सांग.”

लेक नाक पुसून सुताराकडे वळली.

“दादा, साडेचार करा. झोपेत लाथा मारते ही.”