पहिल्या रांगेतला सिरिल

नाताळातला तो फक्त मोठ्यांसाठीचा आचरट खेळ रंगला होता. मध्यंतरात दोनशे वर्षं जुन्या थेटरातल्या एकुलत्या एक बायकांच्या संडासाची रांग जिन्यापर्यंत आली. ग्लेनिसला जोराची लागली होती. तिच्या मागे दोघी खिदळत होत्या.

"मॉरीन, पहिल्या रांगेत कोण बसतं गं? मावशी झालेला बाप्या मांडीवर येऊन बसतो, ठाऊक आहे ना!"

"म्हणून तर नवऱ्याला, सिरिलला, तिथं बसवलं. रिटायर झाल्यापासून चकार शब्द काढत नाही मेला."

"मग, चिडला?"

"आधी लालबुंद झाला. मग मावशीच्या कानात असं काही कुजबुजला, की तीच लाजली!"

"तू ऐकलंस?"

"शेजारीच तर होते!"

संडासाचं दार उघडलं, ग्लेनिसचा नंबर आला. ग्लेनिस पाय आवळून मागे वळली.

"माझी मेलीची कसली घाई! तो काय कुजबुजला, ते सांगा हो आधी."