कॅल्शियम, लोह आणि पेर्लाचं 'धन्यवाद'

मी, निमिया ओकाम्पोस, वय ६६ वर्षे, धंदा शाळेचे गणवेश शिवणे (हल्ली डोळ्यांमुळे फक्त बटणे लावणे), राहणार पिरायू, जुन्या रेल्वे स्टेशनामागे, दारात आंबा आहे ते घर, देश पाराग्वे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, मध्ये दोनदा ठाण्याच्या संडासात जाऊन येऊन, जबाब देते की,

माझी तक्रार शेजारीण पेर्ला बेनेगास हिच्याविरुद्ध आहे. तिने मला विष घातले. ती माझ्या मुलाची धर्ममाता असल्याने आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तो शब्द मी या जबाबापुरता मागे घेते.

आम्ही दोघी रोज सकाळी माझ्या आंब्याखाली तेरेरे पितो. औषधी पाला उखळात ठेचून बर्फाच्या पाण्यात टाकायचा, शिंगाच्या पेल्यात येर्बा, म्हणजे आमची चहासारखी सुकी पत्ती, भरून त्यावर ते पाणी ओतायचे. पेला एक, नळी एक, आळीपाळीने प्यायचे. दोघींचे नवरे गेले, माझा मुलगा तासियो स्पेनला गेला, पण हा पेला कधी चुकला नाही.

गेल्या मंगळवारी पेर्लाने पहिलाच पेला संपवला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "धन्यवाद." हा जबाब लिहून घेणारे हवालदार किन्योनेस साहेब यांना हे सांगायला नको, पण कागद वर जाणार आहे म्हणून नमूद करते. पेला परत देताना धन्यवाद म्हणणे म्हणजे बस्स, आता मला देऊ नकोस. पहिल्याच पेल्याला असे म्हणणे म्हणजे यजमानाच्या थोबाडीत मारणे.

मी विचारले, "का गं, काय झालं?"

ती म्हणाली, "काही नाही. जरा खिळ्यासारखं लागतंय."

मी म्हटले, "तू कधी खिळे चाखलेस?"

ती उठून गेली, ती अजून आलेली नाही. दुपारपासून मला जुलाब लागले. गुरुवारी जे दिसले ते कोळशासारखे काळे होते. रंग लिहायला साहेब तयार नव्हते, मी लिहायला लावला. विष घालणारा स्वतः एका पेल्यापुढे पीत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते.

साहेबांनी विचारले, "काकू, त्या दिवशी पाण्यात पाल्याशिवाय काय होतं?" मी सांगितले, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मी सांगितले, पुदिना. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले. या पोराचा पहिलीचा गणवेश मी शिवलेला आहे.

मग सांगते की, तासियोने स्पेनहून गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्या होत्या. कॅल्शियम, लोह, जस्त आणि मॅग्नेशियम. फोनवर म्हणाला, "आई, दवाखान्यात विचारल्याशिवाय घेऊ नकोस." मी विचारले नाही, कारण तिथे आधी वजन करतात. गोळ्या घशाखाली उतरेनात, म्हणून पाल्याबरोबर उखळात कुटल्या. पोटात जाऊन सगळे एकच होणार. पेर्लाचे गुडघे कुरकुरतात, म्हणून तिच्याही वाटणीच्या घातल्या. तिला बोलले नाही, कारण बोलले असते तर तिने घेतल्या नसत्या.

इथे साहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "काकू, मग तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची?"

मी म्हटले, "तू आपला लिही."

त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्या म्हणाल्या, "अहो, कॅल्शियम सोबत घेतलं तर ते लोहाला अंगी लागू देत नाही. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायचं. जस्त आणि लोहाचंही फारसं पटत नाही. वर येर्बा, तीही लोहाला आडवी येते. मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब होतात. लोहानं काळं होतं, पण कधी ते रक्तही असतं, तेव्हा आजच येऊन दाखवा. आणि न तपासता गोळ्या गल्लीत वाटू नका!"

मी म्हटले, "कलिंगडावर वाइन प्यायली तर माणूस मरतो, आंब्यावर दूध पिऊ नये, एवढं आईनं शिकवलं. लोखंडावर चुना चालत नाही हे मला कोणी सांगितलं?"

साहेब मध्येच म्हणाले, "मुलानं विचारायला सांगितलं होतं ना?"

हे वाक्य लिहू नये अशी माझी विनंती होती.

नर्सबाई पुढे म्हणाल्या, "पेर्लाबाईही मंगळवारी हेच पोट घेऊन आल्या होत्या. काय घेतलं विचारलं, तर म्हणाल्या, शिळं कलिंगड."

पेर्ला कलिंगडाला हात लावत नाही. लहानपणी तिचा भाऊ सांगे, बी गिळलीस तर पोटात वेल येईल, ते तिच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. माझे नाव येऊ नये म्हणून ती खोटे बोलली.

तक्रार मागे घेते. वर मागे घेतलेला कोमाद्रे हा शब्द परत लावावा.

एवढे होईतो पेर्लाच थर्मास घेऊन ठाण्यात आली. गावात बातमी लपत नाही. म्हणाली, "काय गं विषकन्ये, मला आत टाकायला आलीस?" आणि पेला भरून माझ्यापुढे धरला. "पी. यात फक्त पाणी नि पाला आहे." मला रडू आले, पण मी प्यायले. रिकामा पेला तिला परत दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. तिने दुसरा भरला.

लिहिलेले सगळे मला आणि कोमाद्रेला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त सवयीने साहेबांनी शेवटी 'धन्यवाद' लिहिले होते, ते मी खोडायला लावले.