पाणी कचेरीचा उमेदवार

पाणी कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि एक बाई उभ्या होत्या. भिंतीवर दोन्ही उमेदवारांची पत्रकं चिकटवलेली होती.

"बघा आजोबा, 'वीस वर्षं जनतेच्या सेवेत!' याच खिडकीत बसायचे ना हे?"

"बसायचे कुठले! कायम चहाला गेलेले. एका नळासाठी मला वर्षभर खेटे घालायला लावले."

"आता ही नवी मुलगी आलीय, तर रांग कशी भराभर सरकतेय."

"म्हणूनच माझं मत त्यांना."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रजा टाकून उभे राहिलेत ते. पडले तर परत याच खिडकीत, आणि ही मुलगी घरी. हंगामी आहे ती."

"अगंबाई! पण समोर आपल्या दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. इतकं जिवापाड कोण करतं हो? मी त्यांनाच निवडून देणार."

"तुमची सून गरोदर आहे म्हणालात ना मघाशी?"

"हो, आठवा लागलाय."

"मग सिस्टर निवडून गेल्यावर तिचं बाळंतपण कोण करणार?"

बाई पत्रकावरच्या सिस्टरांकडे बघत राहिल्या.

"वाईट वाटेल हो त्यांना."

तेवढ्यात खिडकीतून त्या मुलीचा आवाज आला.

"आजोबा, तुमचं काम झालं. आणि मतदानाला नक्की जा हं, दोघंही."