सोमवारी नापास होणाऱ्या फळ्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याच्या मालकीणबाई, गुडघा कसा आहे? खुर्ची बदलून हवी असेल तर नुसती मान हलवा. प्रमुख पाहुणे, नकाशे काढणारे साहेब, खोकला उतरला ना? परवा फोनवर तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलत होता. करवतीवरचे दादा, बोटाची पट्टी सुटलेली पाहून बरं वाटलं; दहाच्या दहा आहेत ना, एकदा मोजून घ्या. पुढच्या रांगेतल्या हिशेबनीस ताई, धाकटीचा ताप गेला का? आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे मिस्त्री आणि शेजारी बसलेल्या वहिनी, तुमच्या तब्येतीची चौकशी मी शेवटी करणार आहे. त्याला कारण आहे. उपस्थित सर्वांना या पॉलिशवाल्याचा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात चांगलं बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण आधी एक वाईट गोष्ट बोलावी लागेल, आणि ती माझी स्वतःची आहे. मिस्त्री कारखान्यातलं लाकूड बाहेर नेतात, अशी कुजबुज गेले सहा महिने तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर आली असेल. ती सुरू कोणी केली? मी केली. मिस्त्रींच्या नावाला डाग माझ्याच हाताने लागला. पॉलिशवाल्याचा हात, डाग पक्का बसला. तो आज सर्वांसमोर काढायचा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे नवं लाकूड येत नाही. पाडलेल्या घरांच्या तुळया, बंद पडलेल्या गोदामांच्या फळ्या, मोडीत निघालेल्या बोटींच्या धक्क्यांचे खांब, यांतून आपण बागेतले मंडप, बाकं, झोपाळे आणि उघड्यावर जेवायची टेबलं हाताने घडवतो. पण जुन्या लाकडाने आयुष्यभर काय काय प्यायलंय, हे कोण सांगणार? एखादी फळी किडीच्या औषधाच्या पिंपांखाली वीस वर्षं पडलेली असते. दिसायला देखणी, पण तिच्यावर उद्या कुणाचं तरी लेकरू ताट ठेवणार. म्हणून मिस्त्री प्रत्येक नगावर एकदा रंधा मारायचे, निघालेली ढलपी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालेल." किंवा काही न बोलता लाल खडूने फुली मारायचे. फुली पडली की त्या फळीला मालकीणबाईसुद्धा हात लावत नसत. आणि दुसरं नाक होतंच कुठे? माझं टर्पेंटाइनने कधीच मारलंय. बाकीच्यांचं भुशाने.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्री तापाने आजारी पडले, पंधरा दिवसांनी परत आले आणि त्यांचं हे तंत्रच बदललं. रंधा मारायचा, ढलपी नाकाशी धरायची आणि म्हणायचं, "सोमवारी सांगतो." चाळीस वर्षं जो माणूस एका श्वासात निकाल द्यायचा, त्याला सोमवार कशाला लागतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. मग पाहिलं, तर दर शनिवारी त्यांच्या कापडी पिशवीत लाकडाचे तुकडे. आणि सोमवारी ज्या फळ्यांवर फुली पडे, त्यांतल्या काही अशा देखण्या, की बघत राहावं! मी मनाशी म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. हा माणूस नमुने दुसऱ्या कारखान्याला दाखवतोय, आणि फुली मारलेला माल मागच्या दाराने तिकडे जातोय.

एकदा सरळ विचारलंसुद्धा. "मिस्त्री, पिशवीत काय?"

"चुलीला ढलप्या."

"तुमच्या घरी गॅस आहे."

"मग तू कशाला विचारतोस, गॅसवाला आहेस का?" म्हणाले आणि गेले.

संशय आला की माणूस आपल्याच जेवणातला मीठ-मसाला विसरतो, दुसऱ्याच्या डब्यात बघतो. मी डोळ्यांत तेल घालून बसलो. फुल्या मोजल्या. मिस्त्रींच्या मागे बसथांब्यापर्यंत गेलो. ते वळले तेव्हा भिंतीवरची जाहिरात वाचत उभा राहिलो. जाहिरात बायकांच्या केसांच्या तेलाची होती, आणि माझं डोकं तुम्ही बघताच आहात. करवतीवरच्या दादांच्या कानात एक शब्द टाकला, ताईंच्या कानात दुसरा.

मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. मी लवकर निघालो होतो. बालवाडीच्या अंगणात आपण बसवून दिलेलं लांब टेबल मिस्त्री एका टेंपोत चढवत होते. पोहोचवलेला माल! मुलांचं टेबल! मी तडक मालकीणबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "रंगेहाथ सापडले." मालकीणबाईंनी मला समोर बसवलं आणि एवढंच विचारलं, "तू टेबलाबद्दल त्यांना विचारलंस?" मी म्हटलं, चोराला कोण विचारतं? त्या उठल्या, गुडघा दुखत असताना चालत निघाल्या, आणि मी मागोमाग.

मिस्त्रींच्या घराचं दार उघडंच होतं. मागच्या पडवीत ते टेबल उलटं पडलेलं, वरच्या फळ्या सुट्या केलेल्या. आत वहिनी बसलेल्या. समोर कागदाच्या पंचवीसेक पुड्या, प्रत्येकीवर मिस्त्रींच्या अक्षरात आकडा. एक ढलपी त्यांच्या नाकाशी होती. आम्हाला बघून त्यांनी ती खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता सांगून टाका हो. मला नाही जमत हे लपवणं."

तापात मिस्त्रींचं नाक गेलं होतं. पार गेलं. करपलेलं दूध कळेना, की डांबर कळेना. "नाक गेलं म्हटल्यावर मला कोण ठेवील?" म्हणाले. म्हणून दर शनिवारी तुकडे घरी जात, रविवारी वहिनी वास घेत, आणि सोमवारी फुली पडे. दोन वर्षांत हजारभर नग त्या बाईंच्या नाकाखालून गेले, आणि आपल्या हजेरीपटावर त्यांचं नाव एक दिवसही नव्हतं. चूक झाली ती एकच. वहिनींना सर्दी झालेली, काम घाईचं, आणि त्यात बालवाडीच्या टेबलाची एक फळी पास झाली. मिस्त्री आठवडाभर झोपले नाहीत. सर्दी गेल्यावर वहिनींनी त्या दिवसांतल्या राखून ठेवलेल्या ढलप्या पुन्हा हुंगायला घेतल्या, टेबलाच्या ढलपीला औषधाचा वास निघाला, आणि दुसऱ्या सकाळी, मुलं यायच्या आत, मिस्त्रींनी टेबल उचललं. बालवाडीच्या बाईंना खरं सांगून, चिठ्ठी देऊन. ती चिठ्ठी मी पुढे पाहिली. सर्वांसमोर सांगतो: पिशवीत चोरी नव्हती. फुली मारलेली प्रत्येक फळी आपल्याच मागच्या शेडमध्ये पडून आहे. मी स्वतः मोजली. ज्याचं स्वतःचं नाक गेलंय, त्याला दुसऱ्याचं गेलेलं ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं?

हे बोलायची परवानगी मी आज सकाळी मिस्त्रींकडे मागितली. ते म्हणाले, "बोल. पण माझ्यावर कमी आणि हिच्यावर जास्त बोल. आणि तुझ्या टकलाचं सांग."

तर आता तब्येतीची चौकशी. मिस्त्री, नाकाचं काही कळलं का? वहिनी, सर्दी-पडसं नाही ना? मी उगाच विचारत नाही. तुम्ही दोघं लेकीच्या गावी निघालात, आणि मालकीणबाईंनी काल सांगितलंय की वहिनींची मान्यता आल्याशिवाय जेवणाच्या टेबलाला एकही फळी लागणार नाही. पुढच्या पुड्या टपालाने येतील; पहिल्या सात या पाकिटात आहेत, आकडे घालून. आकडे मी घातलेत, तेव्हा एकदा तपासून घ्या. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही.

मालकीणबाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. कुणाचं मन दुखावलं असेल तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. मिस्त्रींकडे मात्र मी वेगळी माफी मागणार आहे, माइक नसताना. आणि वहिनी, सात नंबरची फळी रंध्याखाली अडकून पडली आहे. पत्र लवकर पाठवा.