उघडायचं नाही म्हणे!

...आणि वर मलाच म्हणते, "आजी, हात मागे घ्या!" अहो, मागे घेऊन ठेवू कुठे, खुंटीला? तुम्हाला सांगते, ही जनावरांची डॉक्टर पोरगी तशी बरी आहे, फोन उचलते, गोड बोलते, पण समोर अंडं आहे, अंड्याला भेग पडलीय, भेगेतून चोच दिसतेय, चोच "चिक... चिक..." करतेय, आणि ही मला सांगते की काही करू नका! मला? अहो, मी या घरातला मिक्सर उघडलाय, रेडिओ उघडलाय, भिंतीवरचं घड्याळ तर इतक्यांदा उघडलंय की ते आता मला बघूनच चालायला लागतं! शाळेत मला कुणी घातलं नाही, जे शिकले ते उघडून शिकले. आणि जगात एकच वस्तू अशी निघाली की जी उघडायची नाही, ती नेमकी माझ्या पेटीत!

पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी, मीच केलेली. थर्मोकोलचा खोका, आत बल्ब, वाटीत पाणी, वर काचेचं झाकण. का केली? आमची ठमी... बदक हो! बसली होती अंड्यांवर, कुंपणाखालून मोकाट कुत्रं शिरलं... जाऊ दे. शेवटपर्यंत अंड्यांवरून उठली नाही ती, एवढंच सांगते. मग अंडी फडक्यात गुंडाळून मी घरात आणली. एकेक करून गार पडत गेली सगळी. उरलं हे एक. ठमीचं म्हणावं असं जगात आता तेवढंच.

तर त्या एकानं सकाळी भेग पाडली आणि बसलं की गप्प! मी वाट बघतेय, बघतेय... चहा निवला, तरी हे आपलं "चिक" करतंय आणि झोपतंय. फोन लावला. "आजी, ते दमलंय. आतल्या पापुद्र्यात अजून त्याचं रक्त आहे, ते अंगात ओढून घेतलं की गोल फिरून स्वतःच टरफल कापेल. आधीच सोललंत तर रक्त जाईल. आणि झाकण उघडू नका, आतली ओल जाते, पापुद्रा वाळतो. हात मागे!" घेतले बाई मागे. मागे घेतले तर पाठ खाजवायला लागले! हातांना काही सांगता येतं का?

बरं, झाकण उघडायचं नाही हे मी घरभर ओरडून सांगितलं. तर सून म्हणते, "आई, मी कुठे उघडलं? फोटोपुरतं जरा सरकवलं." शेजारचा शिंपी, तोही आला, "मावशी, मी नुसता कान लावला." अरे, कान लावायला झाकण काढावं लागतं? भिंतीला कान लावतोस तेव्हा भिंत काढून ठेवतोस का? मी उघडलं ते वेगळं! मी वाटीत पाणी घालायला उघडलं. मग पाणी पुरेसं पडलं का ते बघायला. मग झाकण नीट बसलंय का ते बघायला. त्याला काय उघडणं म्हणतात?

आणि आमचे हे? खुर्चीत! "अगं, येईल ते." आयुष्यभर हेच ऐकलंय मी. नळ गळतोय, तर म्हणे थांबेल. लेक नवऱ्यावर रुसून आली, तर म्हणे जाईल. दाराच्या चौकटीला वाळवी लागली, तर काय म्हणाले असतील? "कंटाळेल गं ती!"

दुपारी "चिक" बंद झालं.

बंद म्हणजे बंद. बघते तर भेगेतला पापुद्रा कागदासारखा कडक, पिल्लाला घट्ट चिकटलेला! पुन्हा फोन. "आजी, झाकण कितीदा उघडलं?" "एकदाही नाही!" "आजी..." "बरं, थोडंसं." तिकडून एक लांब श्वास, मग म्हणते, "आता मदत करावी लागेल." अहो, हे आधी म्हणायला काय झालं होतं? चष्मा पुसला, हात धुतले, कोपरापर्यंत! "कोमट पाण्यात बोळा भिजवून पापुद्र्यावर टेकवा. चोचीत पाणी जाऊ देऊ नका. भेगेच्या कडेचं टरफल चिमट्यानं काढा, तांदळाच्या दाण्याएवढं. लाल रेघ दिसली की थांबायचं." काढला एक दाणा. काढला दुसरा. आतून "चिक!" बाई गं, असा आनंद झाला हातांना, म्हटलं आता सोलतेच भराभर, हा तिसरा... आणि लाल रेघ. आणि रेघेवर थेंब. मोहरीएवढा.

चिमटा टाकला, फोनमध्ये ओरडले, "रक्त!" आयुष्यात पहिल्यांदा हे हात आपणहून मागे आले हो.

"कापूस टेकवा हलकेच. थांबलं रक्त? झाकण लावा. आणि आजी, तुम्ही घराबाहेर जा." माझ्याच घरातून? "हो. पेटीजवळ दुसरं कुणी बसेल का?" सून कामावर गेलेली. शिंपी नको, तो कान लावेल. उरलं कोण? हे! बोळा कधी आणि कसा टेकवायचा ते तिनं ह्यांना फोनवर सांगितलं, आणि गेले मी. गल्लीला चार फेऱ्या मारल्या. पण हात आहेत ना मला? ठेवू कुठे? शिंप्याच्या दुकानात शिरले आणि त्याचं मशीन उघडलं. "मावशी, ते चालतंय हो!" ओरडतोय बिचारा. म्हटलं, चालतंय म्हणून काय झालं? आत काय आहे ते तुला माहितेय का? सगळे स्क्रू बशीत काढले तेव्हा कुठे जिवाला जरा बरं वाटलं.

दिवेलागणीला परत आले तर पेटीत टरफलाच्या दोन वाट्या, आणि मधे ओलं, चिपाड, मान टाकलेलं... हललं! ठमीसारख्याच चिडक्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं हो! डॉक्टरीणबाई फोनवर ह्यांना विचारतात, "काय केलंत आजोबा?" हे म्हणतात, "काही नाही. सांगितलंत तेवढा बोळा टेकवला." "झाकण?" "बोळ्यापुरतंच." "आणि हात?" "खिशात होते." "शाब्बास! आजी, घरात एवढा जाणकार माणूस असताना मला कशाला फोन करता?"

जाणकार! आयुष्यभर ज्याला मी आळस आळस म्हणत आले, ते शास्त्र निघालं! आता पिल्लू वाळून पिवळं गुबगुबीत झालंय आणि ह्यांच्याच मांडीवर झोपतं. परवा मी अंगणातून ओरडले, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा!" तर मांडी न हलवता म्हणतात, "घाई करू नये. वेळ झाली की आपोआप थांबतं."

आणि थांबलं हो... सगळं ओट्यावर आल्यावर दूध थांबतंच! पण बोलणार कुणाला, पिल्लू जागं झालं असतं. गुपचूप फडकं घेतलं आणि ओटा पुसला. चला, तेवढंच हातांना काम.