बोल्ट की स्टड?

...आणि वर लोक मलाच म्हणतात, ऑब्री, तू साधी गोष्ट अवघड करतोस. मी करतो? अहो, प्रश्न फक्त दहा बोल्टांचा होता. सासऱ्यांची जुनी गाडी, इंजिन सगळं उघडून नव्यासारखं केलेलं, आता ब्लॉकवर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं जड झाकण, ठेवायचं नि दहा बोल्ट आवळायचे, एवढंच राहिलेलं. तर वर्कशॉपमधल्या ग्लेनिसबाईंनी जुने बोल्ट मापून पाहिले नि म्हणाल्या, "ताणलेत हे. फेका." बरं, फेकले. नवे आणू? तर म्हणे, "बदलताच आहात तर स्टड घाला की."

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली कांब. खालचं टोक हातानंच ब्लॉकमध्ये फिरवायचं, आवळायचा तो फक्त वरचा नट. बाईंचं म्हणणं, बोल्ट ताणलाही जातो नि पिळलाही जातो, स्टड नुसता सरळ ताणला जातो, ब्लॉकचे आटेही झिजत नाहीत. मला पटलं. पण वाटेत सेसिल भेटला, आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी, आणि मी त्याला सांगून बसलो...

"स्टड?" मी जणू गाडीला शिंगं लावणार होतो. "कारखान्यानं बोल्ट दिले ते काय अक्कल नव्हती म्हणून?"

तेही पटलं. आता सांगा, माणसानं करावं काय? तीन आठवडे मी घरभर येरझारा घालतोय, सकाळी बोल्ट, दुपारी स्टड, चहात साखर दोनदा... आणि प्रश्न फक्त दहा बोल्टांचा. ब्लॉक तोवर स्वयंपाकघरातल्या टेबलावर. डोरीन, माझी बायको, म्हणाली, "त्या लोखंडाशेजारी मी पीठ मळणार नाही." मग काय, उचलला ब्लॉक नि बसवला गाडीत. हेड काय, मागाहूनही ठेवता येईल.

आणि दर रविवारी सासरे जेवायला. विल्फ्रेड, वय अठ्ठ्याऐंशी. एकदा आपल्या गाडीतून व्हिटबीचा समुद्र बघायचा, एवढंच मागणं.

"ठरलं का रे?"

"ठरतंय, बाबा."

"सावकाश ठरव. मी काय, अठ्ठ्याऐंशीचाच आहे."

हसलो आम्ही. पण त्या रविवारी त्यांच्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोचेना, डोरीननं त्यांचा हात धरला... सोमवारी मी स्टड मागवले.

दहाच्या दहा स्टड बसवले, सेसिलला हाताशी घेतलं, हेड उचललं. आता हेड त्या उभ्या स्टडांच्या टोकांवरून सरळ खाली यायला हवं ना? वर बॉनेटमागची चौकट आडवी. बोटभर जागा कमी. दोघं तसेच उभे, लोखंड हातात, पाठीला रग.

सेसिल हळूच म्हणाला, "बोल्ट असते तर..."

"सेसिल, ते खाली ठेव."

ग्लेनिसबाईंना फोन केला. "इंजिन आधीच गाडीत घातलंत? का?" आता त्यांना पीठ सांगू? "स्टड काढा, हेड ठेवा, मग वरून एकेक आत सोडा." सोडले. प्रश्न फक्त दहा बोल्टांचा होता ना? माझ्या कंबरेला विचारा.

शनिवारी निघालो. मागे डोरीन नि सेसिल, पुढे सासरे. इंजिन काय चाललं म्हणता, शिवणयंत्र! सासरे रस्ताभर तळवा डॅशबोर्डवर टेकून बसले होते. व्हिटबीला समुद्रासमोर गाडी लावली, मांडीवर कागदात मासा नि बटाट्याचे चिप्स. पुष्कळ वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "छान केलंस. परत कधी?"

म्हटलं, "लवकरच, बाबा. थोडे मैल झाले की नटांवर एकदा पुन्हा पाना फिरवायचा, मग लगेच."

"इंजिन गरम असताना की थंड?"

"गरम," मागून सेसिल.

"ग्लेनिसबाई तर थंड म्हणाल्या," डोरीन.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मासा खाल्ला. थंडच होता.