पिवळ्या चिठ्ठीवाले आधी

ट्रेव्हर : धूळ आहे गं आई. नुसती धूळ. जुनं घर म्हटलं की पडायचीच.

हिल्डा : धूळ कालही पडत होती. आज चुन्याचे खडे पडतायत, तेही गिऱ्हाइकाच्या बिअरमध्ये. इकडे ये. हात वर कर आणि त्या तुळईच्या फटीत बोट घाल.

ट्रेव्हर : मी?

हिल्डा : नाही, राजेसाहेब येणारेत लंडनहून बोट घालायला. घाल म्हणते ना!

ट्रेव्हर : जातंय. आई, अख्खं बोट जातंय.

हिल्डा : सकाळी तिथे माझं नख शिरत नव्हतं.

(रविवारची संध्याकाळ. यॉर्कशरच्या एका अरुंद खोऱ्यातला ‘लंगडा मेंढा’ नावाचा पब. खाली काउंटर, त्यामागे मालकीण हिल्डा आणि तिचा पन्नाशीतला मुलगा ट्रेव्हर. बरोबर त्यांच्या डोक्यावर गाण्याची खोली. तिथे ट्रेव्हरची मुलगी जोसी, तिचा माईक आणि जवळजवळ अर्धं खोरं. काउंटरमागच्या भिंतीतून वरच्या शेकोटीपर्यंत बोलायची जुनी नळी गेलेली; एका टोकाला फुंकलं की दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजते. खालची गिऱ्हाइकंसुद्धा ग्लास हातात घेऊन वरच गेलेली.)

ट्रेव्हर : आज लाकडी बुटांच्या नाचवाल्या बायका आल्यात ना वर. म्हणजे, त्यांचा नाच संपला की थांबेल. थांबेल ना?

हिल्डा : ऐक. त्या बायका पाय आपटतायत, आणि त्यांना बघून बाकीचेही आपटायला लागलेत. ऐकलंस? एका तालात. बघ, बघ, तुळई श्वास घेतल्यासारखी खालीवर होतेय.

ट्रेव्हर : देवा! जोसी वर आहे. मी ओरडतो. सगळ्यांना खाली या म्हणून ओरडतो.

हिल्डा : तोंड उघडलंस तर याच बाटलीने बंद करीन. जिना केवढा आहे? एका माणसाचा. मधेच वळणारा. आणि खालचं दार उघडतं कुठे? आत. तू ओरडणार, ते सगळे एकदम त्या जिन्यात घुसणार.

ट्रेव्हर : मग काय नुसतं बघत राहायचं?

हिल्डा : माझी थोरली बहीण मेबल कशी गेली, ठाऊक आहे तुला?

ट्रेव्हर : तापाने ना? तू तसंच सांगायचीस.

हिल्डा : ताप नव्हता. प्रार्थनाघरात पोरांना चहापाणी होतं, कुणीतरी ‘आग, आग’ म्हणून बोंब ठोकली. आग नव्हतीच कुठे. जिना होता, असाच. मी तिचा हात धरला होता आणि तो सुटला. आता पुढचं विचारू नकोस, फोन कर अग्निशामकवाल्यांना. आणि सांग, भोंगा वाजवत येऊ नका. भोंगा ऐकला की वरचे धावतील.

ट्रेव्हर : करतो. पण ते डोंगरापलीकडून येणार, आई. रस्त्यावर बर्फ आहे.

हिल्डा : म्हणून तर मी नळीत फुंकतेय. सरक.

जोसी : बोला, लंगडा मेंढा, वरचा मजला! आजी, आवाज कमी होणार नाही. आधीच सांगते.

हिल्डा : जोसी, नळीला कान लाव आणि चेहरा हसरा ठेव. लोक बघतायत तुझ्याकडे.

जोसी : लोक बायकांच्या बुटांकडे बघतायत! आजी, काय माहोल आहे गं! सुरुवातीला चार म्हातारे आणि एक कुत्रा यायचा माझ्या गाण्याला, आठवतं? तू म्हणायचीस, कुत्र्यालाच काय ते सुरातलं कळतं.

हिल्डा : जोसी, तुळई तडकलीय. तुमच्या खालची, मधोमध.

जोसी : झालं सुरू. दर रविवारी तुझं हेच. ‘छत पाडाल, छत पाडाल.’ माईक घेतला तेव्हा छत पडणार होतं, ढोलवाला आणला तेव्हा पडणार होतं...

हिल्डा : या वेळी खरंच.

जोसी : मागच्या वेळीही ‘या वेळी खरंच’च होतं. मला पुढचं नाव पुकारायचंय, ठेवते.

हिल्डा : जोसी. प्लीज.

जोसी : ...काय म्हणालीस?

हिल्डा : ऐकलंस ते. प्लीज म्हणाले.

जोसी : आजी, तू मला घाबरवतेयस. तू डॉक्टरला नाही कधी प्लीज म्हणालीस.

हिल्डा : मग घाबर. पण चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. पहिलं काम, ते पाय थांबव. टाळ्या नकोत, ताल नको, ढोल तर अजिबात नको. एमॉस आहे का वर?

जोसी : एमॉस हार्डकॅसल? शेकोटीपाशी बसलाय, माझ्या बाजूलाच. त्याला तर तू गायची बंदी घातलीयस.

हिल्डा : चाळीस कडवी गातो मेला. एका गाण्यात लोकांची बिअर कोमट होते आणि दुसरी कुणी मागत नाही. दे त्याला नळी.

एमॉस : हिल्डा ग्रीनवुड. अहो, आपण मला बोलावलंत, हे कानांना खरं वाटत नाही.

हिल्डा : एमॉस, ते बुडालेल्या खाणीचं गाणं येतं ना अजून? साजाशिवाय म्हणतोस ते?

एमॉस : त्याच गाण्यापायी आपण मला दोन वर्षं गप्प बसवलंत, बाई.

हिल्डा : आज म्हण. सगळं म्हण. एकही कडवं गाळू नकोस. संपलं तर मनाची जोड.

एमॉस : आणि ही कृपा कशाबद्दल?

हिल्डा : छत खाली येतंय, एमॉस. तुझं गाणं सुरू झालं की कुणी पाय हलवत नाही, म्हणून.

एमॉस : ...असं. बरं. माझी काठी इथेच राहू द्या पोरीच्या हाती, मी उभा राहून म्हणतो. बसून आवाज पोचत नाही माझा.

ट्रेव्हर : आई. थांबले. पाय थांबले!

हिल्डा : ऐकू येतंय मला. श्वास घे, निळा पडलायस. फोन लागला का?

ट्रेव्हर : निघालेत. वेळ लागेल म्हणाले. आई, पण आता ते पुतळ्यासारखे बसणार. एमॉस गातोय म्हटल्यावर मुतायलासुद्धा कुणी उठत नाही. दाराबाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. मग ते खाली येणार कसे?

हिल्डा : तेच तर डोकं फोडतेय माझं. सोडतीच्या चिठ्ठ्या वाटल्यास ना तू दारात?

ट्रेव्हर : वाटल्या. दर रविवारी वाटतो. आधी आले त्यांना गुलाबी, मग निळ्या, उशिरा आले त्यांना पिवळ्या.

हिल्डा : उशिरा आलेले कुठे उभे आहेत?

ट्रेव्हर : कुठे म्हणजे? खुर्च्या संपल्यावर राहतं कुठे? मधोमध.

हिल्डा : तडकलेल्या तुळईवर. जोसी! जोसी, ऐकतेयस?

जोसी : हळू बोल, त्याचं तिसरं कडवं चाललंय. सगळे बघतायत माझ्याकडे.

हिल्डा : सोडत काढ. आत्ता. म्हणावं, पिवळ्या चिठ्ठीवाल्यांनी आधी खाली यायचं, भिंतीकडेने, सावकाश, एकामागे एक. खाली बक्षीस आहे.

जोसी : गाणं चालू असताना? आजी, फाडून खातील मला! एमॉसच्या गाण्यात आजवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

हिल्डा : माझ्यावर ढकल. म्हणावं, म्हातारी हट्टाला पेटलीय. रीतभात नाही, लाज नाही, गाण्यातलं काही कळत नाही. काय वाटेल ते म्हण. ते विश्वास ठेवतील.

जोसी : आणि बक्षीस काय? डुकराची तंगडी एकच आहे.

हिल्डा : ते अंगणात गेल्यावर बघतील. सगळ्यांना फुकट म्हणू नकोस हां. हिल्डा फुकट देतेय म्हटलं की खरंच घर पडतंय हे पोराटोरालाही कळेल.

ट्रेव्हर : मी जिन्याच्या तोंडाशी थांबू?

हिल्डा : दार उघडून धर आणि पाठीने दाबून ठेव, मिटलं तर खेळ खलास. येईल त्याला सरळ बाहेर काढ. उलटा कुणाला फिरू देऊ नकोस. ‘मफलर राहिला’ म्हणाला तरी नाही. आणि दात दाखव, ट्रेव्हर. मयताला आल्यासारखा उभा राहू नकोस.

ट्रेव्हर : या, या... मिसेस ओल्डरॉइड, अंगणात, हो, थंडीतच... नाही, नाही, कोट नंतर आणून देतो... आई, शिव्या देतायत गं तुला! म्हणतायत, बेशरम थेरडी, म्हाताऱ्याच्या गाण्यात मटण विकतेय.

हिल्डा : देऊ देत. देता देता चालू देत म्हणावं. किती उरले पिवळे?

जोसी : पिवळे संपत आले. निळ्यांना सांगितलंय. आजी, त्या नाचवाल्या बायका बूट काढायला तयार नाहीत, वाजतायत.

हिल्डा : सांग, बक्षीस अनवाणी बाईलाच मिळतं.

जोसी : काहीही!

हिल्डा : सांग तर!

जोसी : ...काढतायत. आजी, काढतायत खरंच. अगं, हा आवाज कसला?

हिल्डा : कसला?

जोसी : ‘कड्’ असा. नळीतून आला. तुझ्याकडून.

हिल्डा : ग्लास फुटला.

ट्रेव्हर : आई! केवढा गिलावा पडला काउंटरवर! आई, बाजूला हो! तुळई वाकलीय, मला इथून दिसतेय, वाकलीय ती!

हिल्डा : तू तुझं दार सांभाळ.

जोसी : बाबा काय ओरडला? आजी, तू कुठे उभी आहेस?

हिल्डा : दारात.

जोसी : खोटं. नळी काउंटरच्या मागे भिंतीत आहे. म्हणजे तू बरोबर तिच्या खाली आहेस. आजी, निघ तिथून. आधी निघ.

हिल्डा : मी निघाले तर तुला कोण सांगणार काय पडतंय न् काय नाही? गुलाबी उठव.

जोसी : तू गेल्याशिवाय मी माईकला हात लावणार नाही.

हिल्डा : जोसी ग्रीनवुड, माझ्याशी हट्ट करायचा नाही. हट्ट माझ्याकडून आलाय तुझ्यात, कुठे संपतो ते मला माहीत आहे. गुलाबी उठव, पोरी. माझ्यासाठी.

जोसी : ...गुलाबी चिठ्ठीवाले. चला. भिंतीकडेने. हो, मिस्टर क्रॅबट्री, मला माहीत आहे, आमची आजी तशीच आहे.

ट्रेव्हर : येतायत, आई. गुलाबी यायला लागले. त्यांना काहीतरी कळलंय. कुणी शिव्या देत नाही. कुणी बोलतच नाही.

हिल्डा : पळत तर नाहीत ना?

ट्रेव्हर : नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उतरतायत.

हिल्डा : धरू देत. सोडू नका म्हणावं.

ट्रेव्हर : हा शेवटचा... झालं. आई, झालं! जोसी? जोसी कुठाय? ती का नाही आली?

जोसी : एमॉस आणि मी राहिलो, आजी. त्याच्या खुब्याचं माहीत आहे ना तुला. त्याला भिंतीकडेनेच आणावं लागेल, आणि तो थांबतच नाही गायचा.

हिल्डा : खोली रिकामी झाली म्हणावं, आता कुणासाठी गातोय?

जोसी : विचारलं. म्हणतो, खाली एक श्रोता आहे.

हिल्डा : ...गाऊ दे. गात गातच आण. आवाज येत राहिला की मला कळेल कुठवर पोचलात ते. जोसी, दर पावलाला आधी पायाने चाचपून बघ. आणि भिंत सोडू नकोस.

ट्रेव्हर : मी वर जातो. मुलगी आहे माझी.

हिल्डा : जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जा. जिना दगडी आहे. फळीवर पाय टाकायचा नाही, तुझ्या वजनाने उरलंसुरलं येईल खाली. म्हाताऱ्याला तिथूनच धर.

ट्रेव्हर : आणि तू?

हिल्डा : मी ऐकतेय. जा!

जोसी : आजी, नळी सोडतेय आता. निघालो.

हिल्डा : जा. एमॉस, मोठ्याने! ...खिडकीपाशी आले. दुसरी खिडकी. सावकाश. सावकाश गं बाई. ...एमॉस? एमॉस, का थांबलास? जोसी? ट्रेव्हर! अरे, कुणीतरी बोला! जोसी, नळीशी ये, मी फुंकतेय. ऐकतेयस ना? फुंकतेय बघ. ...मेबल, हात सोडू नकोस, मेबल...

जोसी : आजी.

हिल्डा : कोण?

जोसी : मी. तुझ्या मागे. दारात. वळून बघ.

हिल्डा : गाणं का थांबलं?

जोसी : जिन्यात दम लागला त्याला. बाबाने खांद्यावर घेतलाय, अंगणात नेतोय. कुणालाही काही झालेलं नाही. सगळे बाहेर आहेत. आता तू.

हिल्डा : तू बाहेर हो आधी.

जोसी : आजी, ती तुळई बघ. बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि चालत ये.

हिल्डा : येते.

जोसी : ये ना.

हिल्डा : येते म्हटलं ना.

जोसी : आजी?

हिल्डा : पाय उचलत नाहीत गं. इकडे येऊ नकोस. तिथूनच हात लांब कर. आणि तुझ्या बापाला सांगायचं नाही.